बाटलीच्या पाठीवरच्या चार ओळी

"दाजी, चार ओळींचं काम आहे," असं म्हणत सेकोन्दो चिखलाचे बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरला, आणि प्रोफेसर एवासिओ गालेस्सिओ यांच्या निवृत्त आयुष्यातली शांतता तिथेच संपली.

चार ओळींचं काम हे जगातलं सर्वांत लबाड काम. चारशे पानांचं काम घेऊन कोणी आलं, तर माणूस सरळ पाठदुखीचं कारण सांगतो. चार ओळींना नाही म्हणायला मात्र तोंड उघडत नाही. शिवाय सेकोन्दो बायकोचा धाकटा भाऊ. मेहुण्याला नाही म्हणायचं तर आधी बायकोला ते का म्हणतोय हे सांगावं लागतं, आणि तेवढ्या वेळात चार ओळी लिहून होतात.

मोन्तेसोर्दो हे टेकडीवरचं गाव. उतारावर चहूकडे द्राक्षमळे, वर चर्च, आणि नोव्हेंबरात या दोन्हींवर धुकं. गावातल्या प्रत्येकाच्या नखांत माती. छापून आलेला माणूस एकच, तो म्हणजे एवासिओ. खालच्या शहरात जन्मभर लॅटिन शिकवून त्यांनी 'लॅटिनमधली उभयान्वयी अव्ययं' या विषयावर एक पुस्तिका काढली होती. तिच्या उरलेल्या प्रती, म्हणजे जवळपास सगळ्याच, कपाटावर होत्या. पण गाव त्यांना लेखक मानत होतं, आणि आपल्याला लेखक मानणाऱ्या गावाची चूक दुरुस्त करायला कोण जातो?

"नेमकं काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"बाटलीच्या पाठीवर असतं ना ते. वाइनचा स्वभाव कसा, वास कसला, चव कशी. भिंतीवर मयताची नोटीस लावतात ना, तसं. सगळं चांगलं चांगलं."

थट्टेत बोलला तरी सेकोन्दोचे डोळे थट्टेतले नव्हते. त्याच्या घराण्याने आजवर द्राक्षं पिकवली आणि खालच्या बड्या व्यापाऱ्याला गाडी भरून दिली. घरी पिण्यापुरती वाइन तेवढी तळघरात व्हायची; विकायच्या बाटलीवर नाव व्यापाऱ्याचं. या खेपेला प्रथमच सेकोन्दोने आपली बारोलो, म्हणजे त्या टेकड्यांची नामांकित लाल वाइन, विकण्यासाठी आपल्याच तळघरात केली होती. कितीतरी हिवाळे ती लाकडी पिंपात निजून होती, आता बाटलीत उतरली होती. वसंतात डेन्मार्कची एक बाई खरेदीला येणार होती. बाटलीच्या पोटावर सेकोन्दोचं नाव ठळक अक्षरांत तयार होतं. पाठ तेवढी कोरी होती.

"अर्ध्या तासाचं काम," एवासिओ म्हणाले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी एवासिओंनी गावात कोणालाच सांगितली नव्हती. त्यांना वाइनमध्ये वाइनखेरीज कशाचाही वास येत नसे. बाकीचे लोक पेल्यात नाक घालत, डोळे मिटत, आणि बाहेर येत ते फळांची टोपली घेऊन. "चेरी!" "छे, आलुबुखार!" "जरा थांबा, मागून व्हायोलेट येतंय!" एवासिओ थांबत. मागून कोणीच येत नसे. मग ते भुवया उंचावून नुसतं "हं" म्हणत. हा हुंकार इतका भारदस्त होता, की लोकांना वाटे, प्रोफेसरांना आपल्याहून जास्त काहीतरी कळलंय. त्या गावात वास येत नाही म्हणणं म्हणजे देवळात उभं राहून देव दिसत नाही म्हणण्यासारखंच.

सेकोन्दो गेल्यावर त्यांनी बाटली उघडली आणि टेबलाशी बसले. रंग पाहिला. एवढं नाव असलेल्या वाइनचा रंग कसा गडद असावा, तर ही फिकट, कडेला विटकरी, पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल अशी. वास घेतला. वाइन. घोट घेतला, तर कच्चं केळं चावल्यासारखी जीभ आखडली आणि टाळू कोरडा पडला. दिसायला किरकोळ, स्वभावाने तुरट, आणि जितकी म्हातारी तितकी मोलाची असं सगळे सांगतात. एवासिओंना सासूबाईंची आठवण झाली. पण ते काही लेबलवर छापता येण्याजोगं नव्हतं.

"काही सुचलं?" बायको आर्मिदाने चुलीकडून विचारलं.

"विचार करतोय."

"नाकाने?"

बायकांना प्रतिभावंताचा अवघड क्षण नेमका कळतो, आणि त्या तेव्हाच बोलतात.

शेवटी ते चौकातल्या दुकानात गेले आणि इतरांच्या बाटल्यांच्या पाठी वाचून आले. सगळीकडे तेच. वाळलेला गुलाब, चेरी, डांबर, जुनं चामडं, तंबाखू, ज्येष्ठमध. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडणाऱ्या माणसाने उतारवयात स्वतः कॉपी करायची, हे त्यांच्या मनाला लागलं. मग त्यांनी मनाची समजूत काढली, की निदान एकेक वास आधी जातीने हुंगून खात्री करून घ्यावी. म्हणजे ती कॉपी राहणार नाही, संशोधन होईल.

संशोधनाची सुरुवात चांभाराच्या दुकानात झाली. चांभाराची पाठ वळताच एवासिओंनी दुरुस्तीला आलेला एक जुना बूट उचलून त्यात नाक घातलं. चांभार वळला तेव्हा प्रोफेसर डोळे मिटून बुटात होते. बूट चर्चच्या पाद्र्यांचा होता. "काही हवंय का, सर?" चांभाराने फार हळुवारपणे विचारलं. तंबाखूच्या दुकानात त्यांनी चार जातींचे चिरूट नाकाखालून फिरवले आणि एकही न घेता आभार मानले. तिथून ते निघाले डांबराच्या शोधात. नशिबाने चर्च ते स्मशान या रस्त्याचं डांबरीकरण चालू होतं. कामगार जेवायला गेले होते. एवासिओ टोपी काढून उकळत्या पिंपावर वाकले आणि त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

नेमकी त्याच वेळी शेजारची पाल्मिरा नवऱ्याच्या थडग्यावर फुलं घालून परतत होती.

संध्याकाळी दाराची घंटा वाजली. दारात ओत्ताविओ राबिनो उभा. हा गावचा औषधवाला, आणि गावात दुसरं कोणी उभं न राहिल्याने गावचा सरपंचही. हातात गोळ्यांची बाटली, चेहऱ्यावर शोक.

"प्रोफेसर, हे कधीपासून होतंय?"

"काय कधीपासून?"

"लाजू नका. निवृत्तीनंतर पुष्कळांना होतं. आधी बूट, मग तंबाखू, मग डांबर. पुढची पायरी पेट्रोल."

एवासिओंनी मान ताठ केली आणि लेबलची हकीकत सांगितली. त्याबरोबर ओत्ताविओचा चेहरा खुलला. त्याने शहरात वाइन पारखायचा अभ्यासक्रम केला होता आणि तिथे मिळालेली वाइन चाखायची चांदीची वाटी तो साखळीने गळ्यात घालत असे. दुकानात खोकल्याचं औषध देतानाही ती छातीवर लोंबायची.

"डांबर! अहो, डांबर म्हणजे बारोलोचा आत्मा! वर गुलाब, खाली डांबर. बेधडक लिहा. कोणी काही बोललं तर माझं नाव सांगा."

हे शेवटचं वाक्य एवासिओंनी लिहून घ्यायला हवं होतं.

त्या रात्री मजकूर तयार झाला: 'विटकरी लाल रंग. आधी वाळलेला गुलाब आणि चेरी. मागाहून डांबर, जुनं चामडं, तंबाखू, ज्येष्ठमध. स्वभाव करारी; ओळख व्हायला वेळ घेणारा. संयमी माणसांसाठी.' एका अर्धविरामाबद्दल ते स्वतःवर विशेष खूश होते.

रविवारी सासूबाईंकडे जेवण होतं. सारण भरलेल्या आन्योलोत्तींची ताटं रिकामी झाल्यावर एवासिओ उभे राहिले आणि त्यांनी मजकूर वाचला. टेबलावर जी शांतता पसरली, तिला ते क्षणभर दाद समजले.

"डांबर?" सेकोन्दो म्हणाला.

"ती एक छटा आहे."

"दाजी, मी त्या मळ्यात पहाटे उठून, घडांना ऊन लागावं म्हणून एकेक पान हाताने काढलं. आणि तुम्ही म्हणता रस्त्याचा वास येतो?"

"सगळेच लिहितात, सेकोन्दो."

"चामडं म्हणाला का तो?" सासूबाई देल्फिना टेबलाच्या टोकावरून बोलल्या. नव्वदीला टेकल्या होत्या, आणि ऐकू येऊ नये तेवढंच त्यांना नेमकं ऐकू येई. "जावईबापू, माझे यजमान मोची होते का? तळघरात पाय धुतल्याशिवाय कोणाला सोडत नव्हते ते!"

"आई, जुनं चामडं म्हणजे चांगल्या अर्थाने..." एवासिओ म्हणू लागले.

"आणि ज्येष्ठमध कशाला? वाइन विकताय का काढा?"

"तंबाखूही आहे," आर्मिदाने शांतपणे भर घातली. नवऱ्याच्या बाजूने बोलावं की माहेरच्या, असा प्रश्न पडला की ती माहिती पुरवायची.

शेवटी ओत्ताविओच्या चांदीच्या वाटीचा दाखला द्यावा लागला. ती वाटी सेकोन्दो फार मानत असे. "ओत्ताविओ म्हणतो तर असेल," तो म्हणाला, आणि उत्साहाच्या भरात दुसऱ्याच दिवशी जाऊन सगळी लेबलं छापून आला. नुसता छापून थांबला नाही, बाटल्यांवर चिकटवूनही मोकळा झाला. लेबलाला सरकारी मंजुरी नावाची काही गोष्ट लागते हे त्याला माहीत होतं. पण ती देवाच्या कृपेसारखी मागाहून मिळते असा त्याचा समज होता.

पहिली हरकत आली ती पाल्मिराची. तिचा मळा सेकोन्दोच्या बांधाला लागून, आणि तिच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला गुलाबाचं झुडूप.

"गुलाबाचा वास येतो म्हणे तुझ्या वाइनला?" ती सेकोन्दोच्या अंगणात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुझ्याकडे एक तरी गुलाब आहे का रे?"

"नाही."

"मग आला कुठून वास? माझ्याच झाडांचा ना! वारा माझ्याकडून तुझ्याकडे वाहतो, हे आख्ख्या गावाला ठाऊक आहे. 'गुलाब: पाल्मिरा यांच्या सौजन्याने' एवढं छाप, नाहीतर माझा भाचा वकील आहे."

सेकोन्दोने तिला एवासिओंकडे पाठवलं. एवासिओंनी तिला उपमा आणि वस्तुस्थिती यांतला फरक समजावून सांगितला. पाल्मिराने तो पूर्ण ऐकून घेतला आणि विचारलं, "म्हणजे वास खोटा आहे? मग छापलात कसा?"

दुसऱ्या दिवशी ओत्ताविओ आला. आज वाटी नव्हती. छातीवर सरपंचाचा तिरंगी पट्टा होता. हे लक्षण वाईट.

"प्रोफेसर, ते डांबर काढा."

"तूच म्हणालास, बारोलोचा आत्मा!"

"ते औषधवाला म्हणून म्हणालो. सरपंच म्हणून मला ते मान्य नाही. रस्ता आमच्या कारकिर्दीत झाला. उद्या विरोधक म्हणतील, ठेकेदाराने एवढं डांबर उडवलं की द्राक्षांत उतरलं."

"अरे, पण ही द्राक्षं रस्त्याच्या कितीतरी आधीची!"

"मतदार तारखा बघत नाहीत. वास बघतात."

तरीही प्रकरण गावातल्या गावात मिटलं असतं. पण तोवर मंजुरीचा अर्ज शहरातल्या कचेरीत पोहोचला होता, आणि तिथून खुलासा मागणारं पत्र आलं. लेबलवर नमूद केलेलं डांबर हा घटक आहे काय? असल्यास प्रमाण काय? चामडं कोणत्या जनावराचं? तंबाखूबाबत आरोग्यविषयक इशारा का छापलेला नाही? ज्येष्ठमध औषधी असल्याने आरोग्यखात्याचं ना-हरकत प्रमाणपत्र जोडावं. आणि 'संयमी माणसांसाठी' या शब्दांनी इतर ग्राहकांबाबत भेदभाव होतो काय, याचाही खुलासा व्हावा.

सेकोन्दोने पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. चिडला नाही, ओरडला नाही, आणि याचीच सगळ्यांना भीती वाटली. "जाऊ दे, दाजी," तो म्हणाला. "डेन्मार्कची बाई यायच्या आत हे काही सुटत नाही. व्यापारी पिंपांच्या भावाने घेतो म्हणालाय. त्याच्या नावाने जाईल. आजवर गेलंच की."

ही हकीकत ऐकून आर्मिदाने नवऱ्याला जेवण वेळेवर वाढलं, पण मीठ न घालता.

एवासिओंनी कोट चढवला, टाय बांधला आणि बसने शहर गाठलं. लेबलांच्या खात्यात टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. गोल चष्मा, घट्ट अंबाडा. एवासिओंना पाहताच त्या उठून उभ्या राहिल्या.

"सर! ओळखलंत? मी मारिलेना वाक्केत्तो. तिसऱ्या बाकावरची."

जुनी विद्यार्थिनी! एवासिओंच्या जिवात जीव आला. शिक्षकाचं पुण्य कधी वाया जात नाही. "अर्थात ओळखलं! हुशार होतीस तू."

"तुम्ही मला नापास केलं होतंत, सर. दोनदा."

पुण्य जागच्या जागी थिजलं.

"पण माझा राग नाही हं," मारिलेना प्रसन्नपणे म्हणाली. "तुम्ही पेपरवर शेरा मारला होता. 'स्वतःची कल्पना लढवू नये. लिहिलंय तेवढंच वाचावं.' तेव्हापासून मी तेच करते. त्यावरच इथवर आले."

"बाळ, पण हे डांबर खरं डांबर नाही."

"मग लिहिलंय का?"

"तशी एक... आठवण होते."

"कोणाला?"

इथे खरं सांगायचं तर कोणालाच नाही, निदान लिहिणाऱ्याला तरी नाहीच. एवासिओंनी आयुष्यात प्रथमच एका विद्यार्थिनीपुढे हात जोडले. "मारिलेना, माझ्या मेहुण्याने पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने बाटली भरलीय. माझ्या अर्धविरामापायी ती जाता कामा नये. तूच सांग, काय ठेवू?"

मारिलेनाने लाल पेन्सिल उचलली. लाल पेन्सिल! एवासिओ डोळे विस्फारून पाहत राहिले. गुलाब गेला, चेरी गेली, डांबर, चामडं, तंबाखू, ज्येष्ठमध सगळं ओळीने गेलं. 'करारी' हा शब्द सिद्ध करता येत नाही म्हणून गेला. 'विटकरी'त विटेचा उल्लेख होता. शेवटी उरलं ते तिने स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: 'लाल वाइन. द्राक्षांपासून केलेली.'

"आता कसं समजतं!" ती म्हणाली आणि तिथल्या तिथे शिक्का मारला. "पास, सर."

पुढचे काही दिवस एवासिओंच्या घरी कोणी अंघोळ केली नाही. जुनी लेबलं काढायला बाटल्या कोमट पाण्यात भिजवाव्या लागतात, आणि सेकोन्दोच्या तळघरात गरम पाणी नव्हतं. त्यामुळे प्रोफेसरांच्या न्हाणीघरातल्या टबात बारोलो पहुडली आणि प्रोफेसर गुडघे टेकून सुरीने स्वतःचं साहित्य खरवडत बसले. चिकटवायला सेकोन्दोने गोंद उत्तम वापरला होता. 'जुनं चामडं' तर काही केल्या निघेना. पाल्मिरा मदतीला म्हणून आली आणि फक्त गुलाबाची ओळ खरवडून, ती पुरावा म्हणून रुमालात बांधून घरी घेऊन गेली.

डेन्मार्कची बाई आली ती स्वच्छ ऊन पडलेल्या दिवशी. नाव किर्स्तेन, उंची दारात वाकावं लागेल एवढी, आणि इटालियन भाषा बेताची पण निर्भय. तळघरात सेकोन्दोच्या कुत्र्याला एका हाताने कुरवाळत तिने वाइन चाखली, तोंडात बराच वेळ घोळवली, मान हलवली आणि जेवढ्या पेट्या होत्या तेवढ्या सगळ्या घेते म्हणाली. सेकोन्दोने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

जेवणाला सासूबाईंच्या घरी मोठं टेबल मांडलं होतं. त्यांच्याच हुकमावरून लसूण आणि खारवलेल्या मासळीची कढत बान्या काउदा केली होती, आणि सगळे भाज्यांचे तुकडे त्यात बुडवून खात होते. लसणाचा एवढा दर्प सुटला, की त्यात वाइनचं नाव काढणं व्यर्थ होतं. एवासिओंना पित्ताचा त्रास. ते साधा भात पुढ्यात घेऊन टेबलाच्या कोपऱ्यात बसले होते.

किर्स्तेनने बाटली फिरवली आणि पाठीवरच्या ओळी वाचल्या.

"हे छान," ती म्हणाली. "पण आम्ही काढतो. आमच्याकडे पाठीवर आमची चिठ्ठी लागते, डॅनिशमधून. तुम्ही लिहिलं नसतं तरी चाललं असतं."

एवासिओंनी चमचा हळूच खाली ठेवला. त्याचा आवाज झाला नाही एवढीच काय ती त्यांची प्रतिष्ठा उरली होती.

"काय लिहिणार चिठ्ठीत?" ओत्ताविओने विचारलं. आज वाटीही होती आणि पट्टाही होता.

"तुमचा तो कुत्रा फार गोड आहे," किर्स्तेन म्हणाली. "त्याच्याबद्दल लिहीन. आमचे लोक कुत्र्याची वाइन लगेच घेतात."

"घ्या!" सेकोन्दो टाळी वाजवून ओरडला. "बघा दाजी, कसं सुचतं एकेकाला!" पाल्मिराने लगेच बजावलं की तो कुत्रा निम्मा वेळ तिच्या अंगणात असतो. सासूबाई म्हणाल्या, कुत्रा चालेल, डांबर नको. मग कुत्र्याचा फोटो डावीकडून घ्यावा की उजवीकडून, यावर जी चर्चा पेटली ती हेझलनटचा केक येईपर्यंत विझली नाही. एवासिओंचं मत कोणी विचारलं नाही.

त्यांच्यापुढे वाइनचा पेला तसाच राहिला होता. जेवण सुरू झाल्यापासून त्यांनी त्याला हात लावला नव्हता. आता हाताला दुसरं काही काम नव्हतं म्हणून त्यांनी तो उचलला, उठून उघड्या खिडकीपाशी गेले आणि सवयीने नाकाशी नेला.

आणि ते थबकले.

पुन्हा हुंगलं. आधी एक पुसट, सुकलेला गोडवा आला. आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात दाबून ठेवलेला गुलाब असावा तसा. तो गेला आणि त्याच्या मागून, सावकाश, काळंभोर, उन्हात तापलेलं असं काहीतरी वर आलं. एवासिओंनी डोळे मिटले. घोट घेतला. जीभ आखडली, पण या वेळी त्या तुरटपणाच्या पाठी चेरी उभी होती, आणि गिळून झाल्यावरही ती जागची हलेना. एवढी वर्षं सगळे "मागून येतंय, थांबा" म्हणायचे. एवासिओ थांबलेही होते. फक्त पेला एवढा वेळ कधी थांबला नव्हता.

त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. पाल्मिरा होती, तिरंगी पट्टा होता, सासूबाई होत्या. त्यांनी तोंड मिटलं.

संध्याकाळी घरी जाताना उतारावर त्यांनी आर्मिदाचा दंड धरला आणि कुजबुजले, "आर्मिदा, अगं, त्या वाइनला खरंच डांबराचा वास येतो!"

"हळू बोला," आर्मिदा म्हणाली. "सेकोन्दो मागून येतोय."

"पण खरंच येतो! आणि गुलाबाचाही!"

"मला कळत नाही का? बाबांच्या वाइनलाही यायचा. मी लहान असल्यापासून येतोय." तिने पदपथावरचा खड्डा त्यांना चुकवायला लावला. "पण मी कधी बोलले का कुणाजवळ?"